उशाकडच्या विटा

६ जानेवारी

ढमे,

काल तुझ्या वहिनीच्या मोबाइलवर तुमच्या ग्रंथालयातला फोटो पाहिला. सगळी मंडळी पायऱ्यांवर उभी. मी दोनदा एकेक चेहरा तपासला आणि विचारलं, "ह्यात आपली ढमी कुठंय?" वहिनीनं एका वाळक्या बाईवर बोट ठेवलं. मला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिच्या तोंडून निसटलं, की मागच्या मार्चमध्ये तू वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलंस. पोटाचा मोठा भाग कापून काढून टाकतात म्हणे. दहा महिने झाले, आणि सख्ख्या भावाला हे फोटोवरून कळतं!

मी इथे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनपुढे हात जोडून बसतो. जोडून म्हणजे खरोखरच जोडून, डाव्या हातात दोन सुया घालून. दोन्ही मूत्रपिंडांनी राम म्हटल्याला वर्ष झालं. ज्याला कापल्यावाचून गत्यंतर नाही त्यानं कापून घ्यावं. तुझं पोट चांगलं धडधाकट होतं. जेवायला बसलीस की बघणाऱ्याला भूक लागायची. ते पोट तू कापायला दिलंस? कशासाठी? आरशासाठी?

एका शब्दानं विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नसशील.

रागावलेला,
दादा

१५ जानेवारी

दादा,

हो, आरशासाठी. झालं समाधान?

एकशे चौदा किलोची होते. आता एकोणऐंशी. ग्रंथालयाचा जिना चढून दुरुस्तीच्या खोलीत पोचले की पूर्वी दहा मिनिटं पुस्तकं दाबायच्या शिकंज्याला टेकून उभी राहायची. आता थेट कामाला लागते. पोट उरलंय केळ्याएवढं, लांबट नळीसारखं. सहा चमचे सूप, अर्धं अंडं, झालं माझं जेवण. खोलीतल्या बाकीच्या दोघी म्हणतात, तुला डब्याऐवजी काडेपेटी पुरेल.

तुला सांगितलं नाही, कारण तू त्या वेळी नुकता मशीनवर गेला होतास. वहिनीचा रक्तगट तुझ्याशी जुळत नाही असं कळलं होतं आणि तू जाहीर करून टाकलं होतंस, "माझ्यापायी घरातल्या कुणाच्याही अंगाला सुरी लागता कामा नये." तेव्हा सुरीचा विषयच काढायची सोय नव्हती.

मी मजेत आहे. तू पाण्याचं पथ्य पाळतोस का? वहिनी म्हणते, बर्फाचे खडे चोखतोस चोरून.

तुझी,
ढमी

२ मार्च

प्रिय ढमी,

गेल्या पंधरा दिवसांत तुला चार फोन केले. चारही वेळा तू कट केलास आणि खाली लिहिलंस, "कामात आहे, पत्र लिही." रविवारीसुद्धा कामात? तू माझ्यावर चिडली आहेस हे मला कळतं. आरशाचं मी बोलायला नको होतं. लहानपणापासून तुला जाडी म्हणून जगानं हसून घेतलं, आणि बारीक झालीस तर भाऊ फटकारतो. बाईमाणसानं करायचं काय? माझं चुकलं. बस?

इथे माझ्या शेजारच्या खुर्चीवर मास्तर बसायचे, भूगोलाचे. चार तास मला नद्या सांगायचे. कुठली नदी कुठे उगम पावते, कुठे वळते. मंगळवारी त्यांच्या खुर्चीवर वेगळाच माणूस. मी नर्सबाईंना विचारलं, "मास्तरांची वेळ बदलली का?" त्या म्हणाल्या, "हो, बदलली," आणि माझ्या हाताकडे बघत सुई नीट करत बसल्या. 

घड्याळदुरुस्तीचं दुकान दुपारपर्यंत उघडं ठेवतो. मशीनच्या दुसऱ्या दिवशी हात बरा चालतो. मशीनच्या दिवशी चिमट्यातून स्क्रू उडतात आणि मग मी आणि गिऱ्हाईक दोघंही जमिनीवर रांगत ते शोधतो.

राग सोड आणि फोन उचल. तुझा आवाज ऐकून किती दिवस झाले.

दादा

१४ मार्च

दादा,

मी चिडलेली नाही. फोन उचलत नाही, कारण आवाज उरलेला नाही. आता सांगूनच टाकते.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी जळजळ सुरू झाली. आधी वाटलं, काहीतरी आंबट खाल्लं असेल. पण मी खातेच किती! मग ती रोजचीच झाली. पोटाची नळी अरुंद केल्यामुळे आत दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं, असं डॉक्टर सांगतात. काहींना होतं म्हणे. त्या काहींत मी. छातीच्या मधोमध कुणीतरी उलथनं तापवून धरल्यासारखं वाटतं. आडवं झालं की घशापर्यंत येतं. तिथलं सगळं सोलवटून आवाज असा झालाय, की परवा फोनवर एका माणसानं मला "बोला साहेब" म्हटलं.

पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली मी दोन-दोन विटा घातल्यात. तरी सकाळी उठते तेव्हा घसरत घसरत पायथ्याशी पोचलेली असते. सकाळी उपाशीपोटी गोळी, अर्ध्या तासानं दोन घास, संध्याकाळी पुन्हा गोळी, वर पांढरं औषध. सहानंतर काही खायचं नाही. चहा बंद, कॉफी बंद, टोमॅटो बंद. वाकायचं नाही. आता बाइंडिंग करणाऱ्या बाईनं न वाकता पुस्तक कसं शिवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

फार काळजी करण्यासारखं नाही. तुला चैन पडत नाही म्हणून लिहिलं.

आणि हो, तुझ्या हृदयाची तपासणी राहिलीय असं वहिनी म्हणत होती. ती तेवढी करून घे. टाळू नकोस.

ढमी

२८ मार्च

प्रिय ढमी,

पत्र वाचून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि तसाच बसून राहिलो. गेल्या जूनपासून! दहा महिने तू जळतेयस आणि मी इथे तुझ्या रागाचा हिशोब मांडत बसलो होतो.

विटा घालणं, गोळ्या खाणं हे तात्पुरतं झालं. घड्याळ मागे पडायला लागलं की काटे पुढे सरकवून भागत नाही, मागचं झाकण उघडावं लागतं. मी नर्सबाईंना विचारलं. त्यांची बहीण ह्याच ऑपरेशनच्या विभागात आहे. तिनं निरोप दिला, की एवढा त्रास असेल तर त्यावर उपाय आहे. बायपास करतात. पोटाची एवढीशी पिशवी ठेवून आतडं तिला थेट जोडतात, म्हणजे आम्ल वर यायची वाटच बंद. बऱ्याच जणांना आराम पडतो. तुझ्या डॉक्टरांना हे ठाऊक नाही, असं होणारच नाही. मग तू थांबलीस कशासाठी?

सुताराकडून तुझ्यासाठी एक उतरती फळी करून घेतलीय, कमरेपासून डोक्यापर्यंत. वर वहिनीनं गादी शिवलीय. पायथ्याशी मी एक आडवी पट्टी ठोकलीय, म्हणजे घसरणार नाहीस. पार्सल केलंय.

हृदयाची तपासणी केली. एकटाच जाऊन आलो. ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, थोडं सावकाश चालतं, पण चालतं. आता तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

दादा

३० एप्रिल

दादा,

फळी पोचली. पट्टीमुळे खरंच घसरत नाही. पहिल्या रात्री सलग तीन तास झोप लागली. गादीवरची शिवण वहिनीची आहे हे बघताक्षणीच कळलं. एवढे बारीक टाके आमच्या खोलीतसुद्धा कुणी घालत नाही.

बायपासचं डॉक्टर बोलले होते. पण सध्या सुट्टी मिळण्यासारखी नाही. जुन्या नकाशांचे अकरा खंड दुरुस्तीला आलेत आणि ते हाताळणारी मी एकटीच. शिवाय एकदा पोट कापून झालंय, लगेच दुसऱ्यांदा नको वाटतं. वर्षभरानं बघू.

एक वाईट गोष्ट झाली. तुला सांगायची नव्हती, पण दुसऱ्या कुणाला सांगू? सोमवारी तिसऱ्या खंडाचं एक पान चिकटवत होते. वाकलेली होते. खोकला आला आणि त्याबरोबर घशातलं सगळं वर. तोंडावर हात नेईपर्यंत पानावर थेंब पडले. दीडशे वर्षं टिकलेलं पान, दादा. मी टिपकागद लावला, सगळं केलं, पण डाग राहिलाच, समुद्राच्या मधोमध. आमचे प्रमुख भले गृहस्थ आहेत.  दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "काही दिवस तुम्ही खाली पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसा. तिथे वाकावं लागत नाही."

तिथे बोलावं लागतं.

ढमी

१९ मे

ढमे,

काल घरचा फोन वाजला. वहिनी अंघोळीला गेली होती म्हणून मी उचलला. तुझ्या गावातल्या हॉस्पिटलमधून एक बाई बोलत होत्या. म्हणाल्या, "पेशंटच्या बहिणीचे दाता म्हणून पहिले रिपोर्ट झालेत, रक्त जुळतंय. पेशंटचे कागद आम्हाला अजून मिळाले नाहीत. आपण त्यांच्या मिसेसना सांगाल का?"

मी विचारलं, "कसलं दान?"

त्या म्हणाल्या, "मूत्रपिंडाचं. पण आपण कोण बोलताय?"

मी फोन ठेवला. वहिनी बाहेर आली तेव्हा माझं तोंड बघूनच तिनं ओळखलं. मग सगळं बाहेर आलं. आरसा! आणि मी मूर्खासारखा तुझी माफी मागत होतो, तीही भलत्याच गोष्टीसाठी. तुला बायपास का नको तेही आता कळलं. त्यानंतर मुतखडे व्हायची भीती असते, म्हणून तसल्या माणसाचं मूत्रपिंड घेत नाहीत. म्हणजे एक मूत्रपिंड माझ्यासाठी राखून ठेवायचं म्हणून तू रोज घसा जाळून घेतेस. नकाशांचे अकरा खंड म्हणे!

ऐक. मला ते नको. तू ताटात वाढून आणलंस तरी मी घेणार नाही. मी तुला मागितलं होतं का? कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला?

दादा

२७ मे

दादा,

कुणी सांगितलं नव्हतं. तू मशीनवर गेलास, त्यानंतर पंधरा दिवसांनी मी इथल्या हॉस्पिटलात गेले. टेबलापलीकडे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमची इच्छा फार चांगली आहे. पण एवढ्या वजनावर आम्ही तुमचं मूत्रपिंड काढू शकत नाही. तुम्हालाच धोका आहे."

मी म्हटलं, "किती कमी करून येऊ?"

"निदान तीस किलो."

"किती दिवसांत?"

त्या हसल्या. वाईट हसू नव्हतं ते. म्हणाल्या, "ताई, तीस किलो दिवसांत मोजत नाहीत."

आयुष्यभर मी जाडी होते आणि माझं कधी काही अडलं नव्हतं. लोक हसले, हसू दिलं. लग्न झालं नाही, नाही झालं. पण त्या दिवशी पहिल्यांदा अडलं. तुझा जीव माझ्याकडे होता आणि माझ्याच चरबीखाली दडलेला होता. दोन आठवड्यांत मी त्या ऑपरेशनची तारीख घेतली. मला कुणी ढकललं नाही. वहिनी तर नको नकोच म्हणत होती. तिच्यावर ओरडू नकोस.

आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, म्हणून हेही लिहिते. ह्या महिन्यात दुर्बीण घालून बघितलं. अन्ननलिकेत जखमा आहेत, खालच्या टोकाचं अस्तर बदलायला लागलंय. दुर्बीण घालणारे म्हणतात, थांबू नका. मूत्रपिंडवाले म्हणतात, आधी जखमा भरू द्या, मग बघू. जास्त गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडाला बऱ्या नाहीत, कमी घेतल्या तर जखमा भरत नाहीत. मी मधल्या मधे मोजून-मापून गोळ्या खातेय. अजून दोन-तीन महिने काढले तर जमेल, दादा. मी काढीन. तू फक्त नाही म्हणू नकोस. आई गेली, बाबा गेले. मला ढमी म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय. हा माझा स्वार्थ आहे, उपकार नाही.

कागद पाठव.

ढमी

८ जून

ढमी,

कागद पाठवणार नाही. तू बायपासची तारीख घे.

मी मृत व्यक्तीच्या मूत्रपिंडासाठी यादीत आहे. नंबर बरा आहे. डॉक्टर म्हणतात, मशीनवर माणसं दहा-दहा वर्षं काढतात. मला त्या खुर्चीची सवय झालीय. तुझ्या जळण्याची सवय मला होणार नाही.

तू हट्टी आहेस, पण मी तुझ्याआधी सहा वर्षं जन्मलोय आणि हट्ट माझ्याकडूनच शिकलीयस. तेव्हा नीट वाच. शनिवारी मी मशीनवर गेलो नाही. दुकानात बसून होतो. तू तारीख घेऊन मला कळवेपर्यंत मी जाणार नाही. वहिनी रडली, नर्सबाईंनी दोनदा फोन केला. मी ढिम्म हललो नाही. मशीनविना किती दिवस निघतात ते तुला ठाऊक आहे.

दादा

११ जून

दादा,

तारीख घेतली. ११ जुलै. भरती १० ला.

वहिनी फोन उचलत नाही. हे कुरियरनं पाठवतेय.

जा. आत्ताच्या आत्ता जा. मी तुला कधीही माफ करणार नाही, पण तू आधी जा.

ढमी

५ जुलै

प्रिय ढमी,

अक्षर वहिनीचं आहे म्हणून दचकू नकोस. मी सांगतोय, ती लिहितेय. सुयांचा हात जरा सुजलाय आणि उजव्या हातानं पाण्याचा ग्लास धरलाय, आजचा माझा शेवटचा अर्धा ग्लास, तो पुरवून पुरवून पितोय.

मशीनवर नियमित जातो. तू उगाच जीव खालीवर करू नकोस.

आता तुझ्या ऑपरेशनचं. बरोबर कोण आहे? खोलीतल्या दोघींपैकी एकीला तरी रजा घ्यायला लाव. शुद्धीवर आलीस की डॉक्टरांशी वाद घालू नकोस. चालायला सांगितलं की चाल. पहिले दिवस घोटाघोटानं पी, घाई केलीस तर उलटून येईल. नर्सबाईंच्या बहिणीकडून मी सगळं विचारून घेतलंय. आणि महिनाभर घराबाहेर पडायचं नाही. इकडे यायचं तर मुळीच नाही. काहीही झालं तरी. शब्द दे.

मला आठवतंय, तू पाच वर्षांची होतीस आणि आईनं बजावलं होतं, घरी पाहुणे आहेत, आत गाऊ नकोस. तू बाहेर अंगणात जाऊन दुप्पट मोठ्यानं गात होतीस. पाहुणे हसून हसून बेजार. असा आवाज होता तुझा. तो परत आला की कळव.

(वहिनी म्हणते, तिच्याकडूनही आशीर्वाद लिहायचे आहेत. मी म्हटलं, पेन तुझ्याच हातात आहे, लिही.)

दादा

२ ऑगस्ट

दादा,

बघ, तीन आठवडे घराबाहेर पडले नाही. शब्द पाळला. आता तरी उत्तर दे. हॉस्पिटलातून आल्यावर दोन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर नाही. अजून रुसला असशील तर मीही रुसायला तयार आहे, पण आधी बातमी ऐक.

जळत नाही.

पहिले काही दिवस मी विश्वास ठेवला नाही. ऑपरेशनच्या दुखण्यानं जळजळ कळत नसेल असं वाटलं. दुखणं कमी झालं, तरी जळजळ आली नाही. गेल्या गुरुवारी मैत्रीण आली, आमच्या खोलीतली. तिला म्हटलं, पलंगाचं टोक उचल, मी विटा काढते. ती ओरडली, "तू काही उचलायचं नाहीस!" आणि एकटीनं टोक उचलून पायानं चारही विटा बाहेर लोटल्या, तुझी फळीही बाजूला काढली. मी सपाट आडवी झाले. छताकडे बघत वाट बघत राहिले, आता येईल, मग येईल. काही आलं नाही. मैत्रीण खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "रडतेस कशाला, दुखतंय का?"

आवाजही परत येतोय. अजून थोडा फाटका आहे, पण कुणी साहेब म्हणणार नाही. काल तुला फोन केला. तुझा बंद. दुकानाचा वाजून वाजून थांबला.

मूत्रपिंड आता देता येणार नाही. त्याबद्दल तुझ्याशी समोर बसून भांडायचंय. वीस तारखेला डॉक्टर प्रवासाची परवानगी देतील, मग येतेच.

ढमी

५ ऑगस्ट

नणंदबाई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला. तुझ्या पत्रात इतका आनंद होता, की आवाजानं तो मोडायचं मला धाडस झालं नाही. कुणी तरी जवळ असताना पुढचं वाच. मैत्रिणीला बोलाव.

तुझा दादा सत्तावीस जुलैला गेला. सकाळी, मशीनवर असताना. मी बाजूलाच होते. नर्सबाईंशी बोलता बोलता त्यानं मान टेकली. हृदय थांबलं. डॉक्टरांनी पाऊण तास प्रयत्न केले.

तुला कळवलं नाही, कारण त्यानं माझा हात धरून वदवून घेतलं होतं. तुझं ऑपरेशन होऊन सोळा दिवसच झाले होते. तू ओले टाके घेऊन धावत आली असतीस. तू मला काय वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. ती सांगू नकोस असंही तो म्हणाला होता. ह्या एका बाबतीत मी त्याचं ऐकणार नाही, नाहीतर तू जन्मभर म्हणशील की मी बायपास करून घेतला म्हणून भाऊ गेला. तसं नाही. मार्चमध्ये तो हृदयाची तपासणी करून आला ना, तेव्हाच त्याला सांगितलं होतं, की हृदय फार थकलंय, मूत्रपिंड बसवण्याचं ऑपरेशन ते सोसणार नाही. कुणाचंच मूत्रपिंड त्याला बसवता येणार नव्हतं. यादीबिदी काही नव्हती. घरी येऊन मला म्हणाला, "ठीक आहे." मी त्यावर विश्वास ठेवला. मे महिन्यात तुझ्या हॉस्पिटलचा फोन आला, त्या दिवशी त्यानं मला खरं सांगितलं.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता तिला कळव. ती कशासाठी जळतेय?"

 तो म्हणाला, "तिनं माझ्यासाठी पोट कापून घेतलंय. ते फुकट गेलं, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि सांगितलं तर ती दुसरं ऑपरेशन करणारच नाही. म्हणेल, आता कशाला. अशीच जळत बसेल. त्यापेक्षा मी तिच्यावर जबरदस्ती करतो. माझ्यावर रागावून का होईना, बरी होईल."

मशीनवर गेलो नाही म्हणून लिहिलं होतं, तेही खोटं. एकही दिवस त्यानं चुकवला नाही. शनिवारी गेलो नाही असं सांगणारं ते पत्रसुद्धा त्यानं मशीनच्या खुर्चीवर बसूनच लिहिलं. मला तुझे फोन उचलायची बंदी होती. तुझं तारखेचं पत्र आलं तेव्हा चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "केवढ्या शिव्या देणार आहे ती मला." खूश होता.

तुझं पहिलं कार्ड तेवीस जुलैला आलं. "पाणी पिते आहे, जळत नाही, पण अजून खात्री नाही," असं लिहिलं होतंस. ते त्यानं नर्सबाईंना दाखवलं, मशीन पुसणाऱ्या बाईंना दाखवलं, नव्या शेजाऱ्याला वाचून दाखवलं.

ये. केव्हाही ये. मी घरीच आहे.

वहिनी

१९ ऑगस्ट

वहिनी,

फोनवर आपण दोघी नुसत्या रडलो, बोलणं झालंच नाही. म्हणून लिहितेय. उद्या तपासणी आहे, शुक्रवारी निघते, दुपारी पोचेन.

तुझ्यावर राग नाही. त्याच्यावर आहे. पहिल्या दोन दिवसांत मी त्याला इतकं बोलले, मोठमोठ्यानं, भिंतीशी, की शेजारच्या आजोबांनी दार ठोठावलं. मार्चपासून तो मला खोटं लिहीत होता. मग आठवलं, मी त्याला त्याच्याही आधीपासून खोटं लिहीत होते. दोघांपैकी एकानं जरी सरळ लिहिलं असतं, तर निदान एप्रिल, मे, जून आम्ही भाऊबहीण एकमेकांशी खरं बोललो असतो. एवढाच वेळ होता हातात. तो आम्ही एकमेकांना सांभाळण्यात घालवला.

पोट फुकट कापलं असं मला वाटेल, ह्याची त्याला भीती होती ना? वाटतं. कधी वाटतं, कधी नाही. ते मला अजून नीट सांगता येत नाही. मला विचारू नकोस.

मी आता रोज चालते. खोलीतल्या दोघी आळीपाळीनं येतात. प्रमुखांनी निरोप पाठवलाय, पुढच्या महिन्यात वर येऊन पुन्हा माझ्या टेबलावर बसा. चौथा खंड माझ्यासाठी तसाच ठेवलाय. ह्यातलं काहीच मला खरं वाटत नाही. सगळे म्हणतात, तब्येत छान दिसते. मी हो म्हणते.

एक गोष्ट सांगते, ती तुलाच सांगता येईल. पोटाचं पहिलं ऑपरेशन झाल्यापासून मला भूक अशी लागलीच नव्हती. घड्याळ बघून खायचे, औषधासारखं. पोटाचा भूक लावणारा भागच काढून टाकतात, असं डॉक्टर म्हणाले होते. दीड वर्ष मी भूक विसरून गेले होते. काल संध्याकाळी खिडकीशी उभी होते आणि पोटात काहीतरी हललं. मला वाटलं, दुखायला लागलं. मग कळलं, ही भूक आहे.

त्याला जाऊन तेवीस दिवस झालेत, आणि मला भूक लागली. मला इतकी लाज वाटली, वहिनी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, आत जावं की नाही ते कळेना. बराच वेळ गेला. मग आत गेले, एक बटाटा उकडला, सोलला, मीठ लावलं, आणि उभ्यानंच, गरम गरम, सगळा खाल्ला.

तुझी,
नणंद